देवरुखची मावशी

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोकणातल्या भरल्या ब्राह्मण घरात एखादी तरी आलवणातली विधवा बाई असायचीच. कोणाची आत्या, कोणाची मावशी, कोणाची काकू. घरात सर्वांआधी तिची आंघोळ व्हायची. सोवळ्यात ती स्वयंपाकघरात शिरायची, ती दुपारची शेवटची पंगत उठेपर्यंत बाहेर यायची नाही. उन्हाळ्यात आंब्या-फणसाची साठे घालायची, पोह्यांचे पापड लाटायचे, पावसाच्या आत लोणच्याच्या बरण्या भरून त्यांना दादरे बांधायचे, बाळंतिणीचे न्हाऊमाखू करायचे, तान्ह्याला पायांवर घेऊन तेल चोळायचे, ही सगळी कामे तिची. घरातल्या पोरांचा तिच्यावर जीव असायचा, कारण खाऊ तिच्याकडे आणि रात्रीच्या गोष्टीही तिच्याकडेच. मात्र त्याच पोरांची मुंज लागताना तिने माजघरातच थांबायचे. एकवेळचे जेवण, अंगाखाली घोंगडी आणि ठरल्या दिवशी मागील दारी येणारा न्हावी, हे तिचे आयुष्य.

या बायांच्या आठवणी घरोघरी आहेत, पण लिहिलेला इतिहास फार थोडा. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांत पुरुषाच्या नावापुढे शिक्षण, हुद्दा, बांधलेले घर, केलेले दान यांची नोंद असते. माहेरी परत आलेल्या विधवा लेकीच्या नावापुढे बहुधा काहीच नसते. अशाच एका घरातल्या एका मावशीने मात्र आपली कहाणी स्वतः लिहून ठेवली, आणि त्या कहाणीत महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाचा एक मोठा कालखंड आला आहे. त्या मावशी म्हणजे पार्वतीबाई आठवले.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखच्या जोशी घराण्यात झाला. त्यांच्या थोरल्या बहिणीचे, गोदूचे, लग्न आठव्या वर्षी झाले आणि तीन महिन्यांत ती विधवा झाली. पार्वतीबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. पती पायाने अधू होते. विसाव्या वर्षी पार्वतीबाईही विधवा झाल्या आणि लहान मुलाला घेऊन माहेरी आल्या. वडिलांच्या घरातल्या त्या तिसऱ्या विधवा लेक. एका छपराखाली तीन विधवा मुली पाहणाऱ्या आईवडिलांची मनःस्थिती काय असेल, हे सांगायला शब्द कमी पडतात. रूढीप्रमाणे पार्वतीबाईंचे केशवपन झाले आणि घरातल्या आलवणातल्या मावशीचे आयुष्य त्यांच्या वाट्याला आले.

त्या वेळी बाहेर काय चालले होते, तेही पाहायला हवे. विधवा-पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८६९ मध्ये विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने मुंबईत पुनर्विवाह लागला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात शंकराचार्यांपुढे त्यावर जाहीर वाद झाला. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ ची. आगरकर ‘सुधारका’तून केशवपनावर आसूड ओढत होते. मुंबईच्या न्हाव्यांनी १८९० मध्ये सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निर्धार केल्याचे वृत्त थेट लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आले. विचारांची एवढी घुसळण चालू असताना देवरुखच्या स्वयंपाकघरात मात्र यातले फारच थोडे पोचत होते. कायदा होऊन तीन तपे उलटली होती, पण त्याचा आधार घेणारी बाई लाखांत एखादी.

जोश्यांच्या घरात ती निघाली. भाऊ नरहरपंत मुंबईत राहत. त्यांचे बिऱ्हाड ज्या मित्राबरोबर होते, ते मुरुडचे धोंडो केशव कर्वे. गोदूबाई भावाकडे मुंबईला आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी शारदा सदन उघडले तेव्हा तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी झाल्या. कर्व्यांच्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. दुसरे लग्न करायचे तर विधवेशीच, असा कर्व्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी, शारदा सदनाला बरोबर चार वर्षे होतात त्या दिवशी, पुण्यात गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना ‘बाया’ म्हणून ओळखू लागला. मुरुडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. पाटावर बसवायचे नाही, पाणी घ्यायचे नाही, सख्ख्या आईनेही लेकाच्या घरी जेवायचे नाही.

पार्वतीबाईंच्या चरित्राला वळण मिळाले ते इथे. सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास त्या देवरुखहून निघाल्या आणि पुण्याला बहिणीच्या घरी शिकायला आल्या. तोवर त्यांनी शाळेची पायरी चढलेली नव्हती. ज्या घरावर जातीचा बहिष्कार आहे, जिथे सख्ख्या बहिणीने पुनर्विवाह केला आहे, त्या घरात एका केशवपन केलेल्या, जुन्या वळणाच्या विधवेने राहायला जायचे, याचा अर्थ त्या काळच्या माणसाला वेगळा सांगावा लागत नव्हता. बायाचे पाऊल धाडसाचे होते, तसे पार्वतीबाईंचेही. बायाने रूढी मोडली आणि तिची किंमत उघडपणे मोजली. पार्वतीबाईंनी रूढीतले बरेचसे अंगावर बाळगले, आणि तरीही त्या रूढीने बंद केलेल्या दारातून बाहेर पडल्या.

बायाला शंकर, दिनकर आणि भास्कर हे मुलगे. पार्वतीबाई त्यांची सख्खी मावशी. माय मरो आणि मावशी जगो, असे आपल्याकडे म्हणतात. या घरात आईही खंबीर आणि मावशीही. दिनकर पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, भास्करांनी आपले आयुष्य हिंगण्याच्या संस्थेला दिले. पण पार्वतीबाईंचे मावशीपण एवढ्या तीन भाच्यांपुरते राहिले नाही.

पुनर्विवाह हा काही मोजक्या विधवांचा मार्ग आहे, बाकीच्यांना आधी शिक्षण आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन हवे, हे कर्व्यांना स्वतःच्या अनुभवाने पटले होते. शारदा सदनातल्या धर्मांतराच्या वादानंतर १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारख्या मंडळींनी त्या संस्थेशी असलेला संबंध सोडला होता. मुलींना तिथे पाठवायला लोक कचरू लागले. घरच्यांचा विश्वास बसेल अशी संस्था हवी होती. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. त्यातच पुण्यात प्लेग आला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगण्याला सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले, आणि १९०० मध्ये आश्रम तिथल्या झोपडीत गेला. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. दिवसाचे तास आटोपून ते चिखल तुडवत हिंगण्याला चालत जात, कधी गावातून आणलेले सामान खांद्यावर घेऊन. आश्रमातल्या मुलींना ‘अण्णा’ ठाऊक आहेत ते असे.

परंतु संध्याकाळी अण्णा येईपर्यंत आश्रम कोण सांभाळत होते? तिथे येणाऱ्या मुलीकडे पाहा. कोणी बारा वर्षांची, कोणी वीस. सासरहून हाकललेली किंवा भावजयीला डोईजड झालेली. रानातल्या त्या जागेत रात्री साप-विंचवाची भीती, दिवसा पुण्याच्या पेठांतून होणाऱ्या कुचेष्टेची. अशा मुलीला पुस्तकाआधी कुशीत घेणारे कोणीतरी लागते. तिला न्हाऊ घालायचे, ताप आला की उशाशी बसायचे, रडत उठली तर पाठीवर हात फिरवायचा, आणि दुसऱ्या दिवशी कान धरून अभ्यासाला बसवायचे. वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर आणि पार्वतीबाई आठवले यांनी ते केले. या बाया स्वतः त्याच आगीतून आलेल्या होत्या. आपल्या समाजाने घरोघर फुकट राबवलेले आत्या-मावश्यांचे कसब हिंगण्याच्या माळावर पहिल्यांदा एका संस्थेच्या कामी आले. मुदपाकखाना, कोठी, आजारपण, शिस्त आणि माया या पाच गोष्टी उभ्या राहिल्या नसत्या, तर अण्णांची गणिताची सारी बुद्धी लावूनही आश्रम वर्षभर टिकला नसता, असे मला मनापासून वाटते.

पार्वतीबाई शिकल्या, शिकवू लागल्या, आश्रमाच्या व्यवस्थेचा भार त्यांनी उचलला. मग त्यांनी आणखी अवघड काम अंगावर घेतले. वर्गणी मागण्यासाठी त्या गावोगाव हिंडू लागल्या. आज संस्थेच्या पावत्या घेऊन दारोदार जाण्यात कोणाला नवल वाटणार नाही. त्या काळी विधवेने एकटीने आगगाडीत बसायचे, परक्या गावी उतरायचे, पुरुषांच्या सभेत उभे राहून बोलायचे आणि पैसे मागायचे, यातली प्रत्येक गोष्ट नवी होती. मोठ्या देणगीदारांची ओळख तशी अण्णांकडेच. पार्वतीबाईंकडे मुख्यतः घराघरातली बाई यायची, पदराच्या गाठीतले आणे-पैसे घेऊन.

आणि इथे त्यांचे जुने वळण कामी आले. बायाला पाहून ज्या घराचे दार बंद व्हायचे, ते पार्वतीबाईंना उघडे होते. डोईवरून पदर घेतलेली, केशवपन केलेली, व्रतवैकल्ये ठाऊक असलेली ही बाई माजघरात जाऊन सासूबाईंशी बोलू शकत होती. ‘तुमची लेक आश्रमात पाठवा, तिचा धर्म बुडणार नाही’ हे आश्वासन सुधारकाने व्याख्यानात दिले तर लोक मान डोलावून घरी जात. तेच एका आलवणातल्या बाईच्या तोंडून ऐकले की आई विरघळायची, कारण समोर बसलेल्या बाईत तिला आपलीच लेक दिसायची. सुधारणेच्या इतिहासात आपण रूढी तोडणाऱ्यांची नावे ठळक छापतो, आणि तो मान त्यांचा आहेच. पण ज्यांची रूढी अजून सुटलेली नाही अशा हजारो घरांशी बोलायला त्यांच्यातलेच माणूस लागते. पार्वतीबाई ते माणूस झाल्या.

त्या स्वतः मात्र होत्या तिथेच थांबल्या नाहीत. वयाची चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी केशवपन सोडले आणि केस राखले. सुधारकी घरातल्या तरुण विधवेने केस राखणे ही एक गोष्ट. दोन तपे डोक्याला वस्तरा लावून घेतलेल्या, त्याच रूपात गावोगाव मान मिळवलेल्या प्रौढ बाईने ते सोडणे ही फार वेगळी. ज्या रूपामुळे दारे उघडत होती, तेच त्यांनी टाकले. या रूढीत धर्म नाही, विधवेचा अपमान आहे, हे मनाला एकदा पटल्यावर केवळ सोयीसाठी तिला धरून राहणे त्यांना प्रामाणिक वाटले नाही. पुनर्विवाहाचा मार्ग त्यांनी स्वतःसाठी कधी घेतला नाही. घर आणि मातृत्व हेच स्त्रीचे मुख्य क्षेत्र, हे मतही त्यांनी सोडले नाही. आजच्या वाचकाला ते मत पटणार नाही, मलाही ते पुरते पटत नाही. पण एकेक रूढी हातात घेऊन, तिचा खरेखोटेपणा स्वतःच्या आयुष्यावर पारखून, मग ती ठेवायची की टाकायची ते ठरवणारी अशी स्वतंत्र बुद्धी त्या काळात पदवीधरांतही दुर्मीळ होती.

१९१६ मध्ये हिंगण्याला कर्व्यांचे महिला विद्यापीठ सुरू झाले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून सुचलेली ती कल्पना. शिक्षण मातृभाषेतून, आणि पहिल्या वर्गात मोजून पाच विद्यार्थिनी. कामाचा व्याप आता मराठी मुलखाबाहेर जाणार होता आणि तिथे इंग्रजीवाचून अडत होते. पार्वतीबाईंनी इंग्रजी शिकायचे ठरवले. इथे राहून ती नीट येईना, म्हणून जिथे दिवसरात्र इंग्रजीच कानावर पडेल अशा देशात जायचे त्यांनी मनावर घेतले. १९१८ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, अठ्ठेचाळीस वर्षांची ही कोकणातली विधवा एकटी अमेरिकेला गेली. हाताशी पैसा नाही, भाषा जेमतेम, आहार शाकाहारी.

प्रथम त्या कॅलिफोर्नियात राहिल्या. पोटासाठी त्यांनी घरकाम धरले. भांडी घासली, केर काढले, कपडे धुतले, लोकांच्या स्वयंपाकघरात राबल्या. मांस शिजवण्याच्या घरात शाकाहारी बाईने काम करणे किती जड गेले असेल, ते सांगायला नको. तरी त्या परत फिरल्या नाहीत. या प्रसंगापाशी मी नेहमी थांबतो. देवरुखच्या घरात याच कामाला ‘विधवेचे कर्तव्य’ म्हणत आणि त्याबद्दल तिच्या वाट्याला यायचे ते उपकाराचे अन्न. अमेरिकेत त्याच कामाला मजुरी होती आणि मजुरी हातात घेऊन बाईला आपला रस्ता आपण ठरवता येत होता. आयुष्यभर जे हातांनी केले, त्याला मोल आहे हे त्यांना सातासमुद्रापार पगाराच्या रूपाने दिसले.

पुढे त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि तिथे त्यांना ब्रुकलिनमध्ये लिओनोरा ओरायली यांच्या घरी आसरा मिळाला. लिओनोरा आयरिश घरातल्या, कामगार स्त्रियांच्या चळवळीतल्या मोठ्या पुढारी. त्यांचाही जन्म १८७० चा. त्या तान्ह्या असतानाच वडील वारले, विधवा आई शिवणकामाच्या कारखान्यात राबली, आणि अकराव्या वर्षी लिओनोरांना शाळा सोडून कॉलरच्या कारखान्यात कामाला जावे लागले. ज्या वयात देवरुखची मुलगी बोहल्यावर चढली, त्याच वयात न्यूयॉर्कची मुलगी यंत्रापुढे बसली. एकीचे बालपण धर्माच्या नावाखाली गेले, दुसरीचे गरिबीपायी. पुढे लिओनोरांनी कामगार स्त्रियांची संघटना बांधली, पार्वतीबाईंनी विधवांचा आश्रम सांभाळला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर या दोघी एका घरात भेटल्या. एकीला दुसरीची भाषा धड येत नव्हती, पण एकमेकींचे आयुष्य त्यांना कळले असणार. पार्वतीबाई तिथे राहिल्या त्या घरच्या माणसासारख्या.

त्या अमेरिकेत असताना, जून १९१९ मध्ये, तिथल्या काँग्रेसने स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती मंजूर केली. १९२० मध्ये पार्वतीबाई परतल्या. त्याच वर्षी सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. पंधरा लाखांची नोंद इतिहासात मोठ्या अक्षरात आहे, आणि ती असायलाच हवी. पण त्या देणगीपर्यंत संस्था जिवंत राहिली ती वीस वर्षे पदरापदरातून गोळा झालेल्या आण्यांवर.

१९२८ मध्ये पार्वतीबाईंचे ‘माझी कहाणी’ प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत जस्टिन अॅबट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. महाराष्ट्रात मिशनरी म्हणून आयुष्य घालवलेले आणि आपल्या संतांची चरित्रे व काव्य इंग्रजीत नेणारे ते हेच अॅबट. रमाबाई रानड्यांच्या ‘आठवणी’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी घराघरात पोचली. बायाचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये आले. या सगळ्यांत पार्वतीबाईंचे पुस्तक कमी वाचले गेले. रमाबाईंच्या आणि लक्ष्मीबाईंच्या पुस्तकांना मोठ्या पुरुषाच्या सहवासाचा आधार आहे, वाचक त्या पुरुषाच्या ओढीनेही तिकडे जातो. पार्वतीबाईंच्या कहाणीत असा पुरुष नाही. तिथे आहे एक काम करणारी बाई, तिचा प्रवास, तिचे कष्ट आणि तिने स्वतः काढलेले निष्कर्ष. म्हणूनच ते पुस्तक आज पुन्हा वाचायला हवे.

बाया १९५० मध्ये गेल्या, पार्वतीबाई १९५५ मध्ये. अण्णांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले तेव्हा देवरुखच्या या दोघी बहिणी ते पाहायला नव्हत्या. हिंगण्याचा माळ आता कर्वेनगर झाला आहे आणि तिथल्या संस्थेत हजारो मुली शिकतात. त्यांतल्या बहुतेकींना शिकण्यासाठी घराशी भांडावे लागलेले नाही, हेच त्या पिढीचे यश.

आपण संस्थांचा इतिहास लिहितो तेव्हा संस्थापक, देणगीदार आणि इमारती यांच्या तारखा जपतो. स्वयंपाकघर, कोठी आणि आजारी मुलीची उशी यांच्या तारखा नसतात, म्हणून तिथे राबलेल्या बायांची नावे गळून जातात. पार्वतीबाईंनी स्वतः लिहिले नसते, तर त्याही एखाद्या वंशावळीत एका ओळीच्या धनी झाल्या असत्या. त्यांच्यासारख्या अनेक आत्या, मावश्या, काकूंनी काहीच लिहून ठेवले नाही, कारण त्यांना अक्षर येत नव्हते किंवा आपले आयुष्य लिहिण्याजोगे आहे असे कोणी त्यांना सांगितले नव्हते. मराठी समाज शिकला तो कायद्याने, वर्तमानपत्रांनी आणि व्याख्यानांनी, तसाच या बायांच्या कष्टांनीही शिकला. त्यांचे ऋण ‘माया’ म्हणून गोड शब्दांत फेडता येणार नाही. त्यांनी केले ते काम होते, आणि काम म्हणूनच त्याची नोंद इतिहासात झाली पाहिजे.